मुळाशी मोकळी जागा

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही एका परिचितांना भेटायला गेलो होतो. बोईसर स्टेशनपासून रिक्षाने तिथे पोचेपर्यंत पावसाने चांगलेच झोडपले. दोन सुट्ट्या जोडून आल्या होत्या आणि त्यानंतरचा तो पगाराचा दिवस होता. हिशेब विभागात पाहतो तर सगळे एका संगणकाभोवती गोळा झालेले. पगारपत्रकांची छपाई अर्ध्यावर थांबली होती आणि 'जागा शिल्लक नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर पुन्हा पुन्हा उमटत होती.

गंमत अशी, की जागा होती! त्या यंत्राला दोन चकत्या होत्या. पगाराच्या फाइली ज्या चकतीवर होत्या ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. तरीही छपाई होईना, नवी फाइल उघडेना, एवढेच काय, दुसऱ्या टर्मिनलवरून कोणाला यंत्रात प्रवेशही मिळेना. गोदाम रिकामे आहे, पण दारातच कोणीतरी पोती रचून ठेवली आहेत, असा तो प्रकार होता.

त्या दिवशी नेमके काय झाले होते ते शेवटी सांगू. पण त्या प्रसंगाने आम्हांला एक प्रश्न दिला. संगणकातली जागा ही नुसती 'किती' अशी मोजायची गोष्ट आहे, की 'कोणाची, कशासाठी आणि कोठे' अशी वाटायची गोष्ट आहे? या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा त्याचा एक धागा मुंबईत आणि एक चक्क तारापूरपाशी निघाला.

दहा हजार बाइटांचे घर

भारतात आराखड्यापासून बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने १९५६ मध्ये त्याचे छोटे प्रायोगिक यंत्र चालवून दाखवले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

टिफ्रॅकच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. इथे 'शब्द' म्हणजे ४० बिटांचा एक गट. प्रत्येक बिटासाठी फेराइटचे एक बारीक कडे. म्हणजे २,०४८ × ४० = ८१,९२० कडी. आजच्या मापात सांगायचे तर ही स्मृती १०,२४० बाइट भरते. आता तुलना करून पाहा. तुम्ही वाचत असलेला हा लेख संगणकात साठवला, तर तो चाळीस हजार बाइटांहून जास्त जागा घेतो. टिफ्रॅकच्या स्मृतीत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा मावला असता. आणि तो ठेवल्यावर काम करणाऱ्या आज्ञावलीला काहीच जागा उरली नसती!

जाता जाता एक गोष्ट. या चाळीस हजारांत आपल्या लिपीचाही वाटा आहे. भारतीय लिप्यांसाठी केलेल्या 'इस्की' या संकेतपद्धतीत 'क' हे अक्षर एका बाइटात बसत असे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याला तीन बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला मात्र एकच पुरतो. जागा स्वस्त झाली म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. टिफ्रॅकच्या काळात जाणवले असते.

अशा टीचभर घरात संसार करायचा तर काय करावे लागे? एकाच जागेचा दोनदा, चारदा वापर. गणिताचा पहिला टप्पा संपला की त्याच्या आज्ञा पुसायच्या, त्याच ठिकाणी दुसऱ्या टप्प्याच्या आज्ञा आणायच्या. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरात सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अभ्यासाची खोली आणि रात्री निजघर असते, तसेच.

तारापूरचे गणित

१९६४ मध्ये टाटा संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला. ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द ही त्याची स्मृती. म्हणजे १,९६,६०८ बाइट. टिफ्रॅकच्या तुलनेत हा वाडाच म्हणायचा. देशभरातील संस्थांची मोठमोठी गणिते या यंत्राकडे येऊ लागली. अणुऊर्जा खात्याचे शास्त्रज्ञ तर त्याचे मोठे वापरकर्ते होते.

त्याच वर्षी मे महिन्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन्ही अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली आणि महाराष्ट्र व गुजरातला अणुवीज मिळू लागली.

या अणुभट्टीचा आणि संगणकातल्या जागेचा काय संबंध? तो समजण्यासाठी आपण स्वतःच एक गणित करू. आकडेमोड आमची आहे, केवळ समजण्यापुरती. पण त्यातले मूळ आकडे खरे आहेत.

तारापूरच्या प्रत्येक भट्टीच्या गाभ्यात इंधनाचे २८४ जुडगे उभे असतात. एका जुडग्यात सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा अशा ३६ कांड्या. गाभ्यातून वर जाताना पाण्याची वाफ होत जाते, त्यामुळे जुडग्याच्या तळाशी एक परिस्थिती असते आणि वर दुसरी. मधल्या जुडग्यांतले इंधन लवकर जळते, कडेच्यांतले सावकाश. म्हणून गणित करताना प्रत्येक जुडग्याचे उंचीनुसार तुकडे कल्पावे लागतात. समजा, वीस तुकडे केले. २८४ × २० = ५,६८० तुकडे. आता प्रत्येक तुकड्यासाठी किमान काय लक्षात ठेवायचे? वेगवान न्यूट्रॉनांचे प्रमाण, मंद न्यूट्रॉनांचे प्रमाण, निर्माण होणारी शक्ती, वाफेचा अंश, आतापर्यंत इंधन किती जळले आणि झेनॉन किती साचला. या झाल्या सहा संख्या. ५,६८० × ६ = ३४,०८०.

आणि यंत्रात जागा होती ३२,७६८ शब्दांची! म्हणजे नुसत्या संख्याच मावत नाहीत. मग त्यांच्यावर काम करणारी आज्ञावली कोठे ठेवायची?

इथे माणसाची बुद्धी कामाला येते. गाभा गोल आणि समतोल आहे. त्याचे चार सारखे भाग पाडले तर एका भागात २८४ ÷ ४ = ७१ जुडगे येतात. एका भागाचे गणित केले आणि उरलेले तीन तसेच आहेत असे मानले, तर ७१ × २० × ६ = ८,५२० संख्या पुरतात. वाड्यातली तीन चतुर्थांश जागा मोकळी झाली!

पण ही सवलत फुकट नसते. एखाद्या भागातला एखादा जुडगा सदोष निघाला, किंवा नियंत्रणाच्या कांड्या चारही भागांत सारख्या आत-बाहेर नसल्या, की 'उरलेले तीन तसेच' हे गृहीतक मोडते. मग संपूर्ण गाभ्याचे गणित थर घेऊन करावे लागते. एक थर फितीवरून किंवा चकतीवरून आत आणायचा, हिशेब करायचा, परत लिहून ठेवायचा, दुसरा आणायचा. जागा वाचते, वेळ जातो. संगणकाच्या इतिहासात हा सौदा पुन्हा पुन्हा दिसतो.

आणि तारापूरला हा सौदा चैनीचा नव्हता. दर काही काळाने भट्टी थांबवून जुडग्यांचा एक भाग बदलतात आणि उरलेल्या जुडग्यांच्या जागा बदलतात. कोणता जुडगा कोठे ठेवला तर इंधनातून जास्तीत जास्त ऊर्जा मिळेल, हे गणिताने ठरते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून येणाऱ्या समृद्ध युरेनियमच्या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले. तेव्हा जवळ असलेला प्रत्येक जुडगा मोलाचा ठरला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी स्वतःच्या आज्ञावली लिहून ही आखणी केली. त्यांच्या हाताशी असलेली यंत्रे आजच्या साध्या मोबाइलपुढेही चिमुकली होती.

ऐंशी रकान्यांची काटकसर

त्या काळी माहिती यंत्रात जायची ती बहुधा छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एका कार्डावर ८० रकाने. त्यांत नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि तारीख कोंबायची. '१९६७' ऐवजी नुसते '६७' लिहिले की दोन रकाने वाचत. लाखो नोंदी असलेल्या संस्थेला ही बचत मोठीच होती. ती करणारा माणूस आळशी नव्हता, हिशेबी होता.

पण कार्डे गेली, फिती आल्या, चकत्या आल्या, जागा हजारो पटींनी स्वस्त झाली, तरी दोन अंकी साल तसेच राहिले. कारण जुन्या आज्ञावली चालू होत्या आणि चालत्या गाड्याला कोण हात लावणार? मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगाच्या लक्षात आले, की सन २००० उजाडताच '००' म्हणजे १९०० असे यंत्र समजेल. ते दुरुस्त करण्यासाठी जगभर आज्ञावलींच्या ओळीन् ओळी तपासाव्या लागल्या. मुंबईच्या सीप्झमध्ये आणि इतरत्र हजारो भारतीय तरुणांनी तेच काम केले आणि आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाने त्यातून मोठी उडी घेतली. एका पिढीने वाचवलेल्या दोन रकान्यांचे बिल पुढच्या पिढीने भरले, ते असे.

आधी मागा, मग वापरा

आता चकतीकडे वळू. आयबीएमने १९५६ मध्ये पहिले चकतीयंत्र बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. १९६४ मध्ये त्याच कंपनीने सिस्टीम/३६० ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली. मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी अनेक खात्यांची कामे करणारा, खोलीभर पसरलेला मोठा संगणक. तिच्यासोबत वापरल्या जाणाऱ्या २३११ या चकतीसंचात नोंदी करण्याजोगे दहा पृष्ठभाग होते. प्रत्येक पृष्ठभागावर २०० गोल मार्ग. दहाही पृष्ठभागांवरचे एकाखाली एक येणारे दहा मार्ग म्हणजे एक 'सिलिंडर'. एका मार्गावर ३,६२५ बाइट. म्हणून पूर्ण संच २०० × १० × ३,६२५ = ७२,५०,००० बाइटांचा.

ही जागा अनेकांच्या कामांत वाटायची कशी? मेनफ्रेमचा नियम कडक होता. काम देतानाच लिहून द्यायचे : मला सुरुवातीला दहा सिलिंडर हवेत, कमी पडले तर दर वेळी पाच-पाच द्या. यंत्र पहिला वाटा देई. तो भरला की वाढीव वाटा देई. पण एका चकतीसंचावर एका फाइलीचे एकूण १६ तुकडेच चालत. म्हणजे १० + (१५ × ५) = ८५ सिलिंडरपर्यंत मजल. त्यापुढे गेलात, की तुमचे काम मध्येच बंद पडे आणि शेवटी ३७ असलेली एक खूण छापून येई. 'ती सदतीसची चूक' मेनफ्रेमवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या चांगल्या ओळखीची असते.

हा नियम जाचक वाटतो. काम सुरू होण्याआधीच किती जागा लागेल हे कसे सांगायचे? म्हणून लोक गरजेपेक्षा जास्त मागून ठेवत आणि पुष्कळशी जागा रिकामी अडकून पडे. पण या नियमात एक न्यायही होता. ज्याने चुकीचा अंदाज केला, त्याचेच काम पडे. शेजाऱ्याला त्याची झळ क्वचितच लागे.

झाडाचे मूळ

याच काळात अमेरिकेत वेगळा विचार चालू होता. एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची प्रणाली रचायला घेतली. होय, तारापूरच्या अणुभट्ट्या देणारी तीच जनरल इलेक्ट्रिक. त्या काळी ती संगणकही बनवत असे आणि मल्टिक्ससाठी तिने जीई-६४५ हे यंत्र पुरवले. पुढे १९७० मध्ये तिने आपला संगणक व्यवसाय हनीवेल कंपनीला विकला.

मल्टिक्समध्ये फाइलींची रचना झाडासारखी होती. एक मूळ, त्यातून फुटलेल्या शाखा, शाखांना उपशाखा आणि टोकाला फाइली. शाळेच्या कपाटाचे उदाहरण घ्या. कपाटात इयत्तांचे कप्पे, कप्प्यात तुकड्यांच्या फाइली, फाइलीत विद्यार्थ्यांची पाने. कोणतेही पान शोधायचे तर सुरुवात कपाटाच्या दारापासून. संगणकात या दाराला इंग्रजीत 'रूट', म्हणजे मूळ म्हणतात आणि ते एका तिरप्या रेघेने दाखवतात.

१९६९ च्या वसंतात बेल प्रयोगशाळा मल्टिक्समधून बाहेर पडली. त्याच उन्हाळ्यात तिथल्या केन टॉम्पसन यांनी एका लहान यंत्रावर स्वतःची साधी प्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. तीच 'युनिक्स'. झाडाची कल्पना त्यांनी ठेवली, आणि मेनफ्रेमचा 'आधी मागा' हा नियम टाकून दिला. फाइल लहान सुरू करा, लागेल तशी वाढवा. यंत्र ५१२ बाइटांचे ठोकळे चकतीवर जिथे मोकळे असतील तिथून उचलून देईल. तारापूरची वीज सुरू झाली ते वर्ष आणि हे वर्ष एकच.

मोकळीक आली, पण तिच्यासोबत धोकाही आला. कोणीच आगाऊ मागणी नोंदवत नाही, म्हणून कोणीही, कितीही घेऊ शकतो. एका माणसाची फाइल वाढत गेली की सगळ्यांची जागा संपते. मेनफ्रेमवर टंचाईची झळ हावऱ्याला लागे, युनिक्सवर ती गावाला लागू लागली.

यावर उपाय म्हणून एक सुंदर युक्ती होती. झाड एकच दिसते, पण त्याच्या निरनिराळ्या शाखा निरनिराळ्या चकत्यांवर, किंवा एकाच चकतीच्या निरनिराळ्या भागांवर ठेवता येतात. यंत्र सुरू होताना आधी मुळाची चकती जोडली जाते, मग तिच्यावरच्या ठरावीक जागी इतर चकत्यांचे कलम केले जाते. सत्तरच्या दशकातल्या युनिक्स यंत्रांच्या काढता-घालता येणाऱ्या चकत्या अडीच मेगाबाइटच्या असत. सारे एकीवर मावणे शक्यच नव्हते. त्यामुळे मुळाशी अगदी आवश्यक तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे दुसऱ्या चकतीवर, ही विभागणी गरजेतूनच आली. पुढे चकत्या मोठ्या झाल्या, तरी ती टिकली, कारण तिचा दुसरा फायदा लक्षात आला. एक शाखा भरली तरी दुसरीला धक्का लागत नाही.

मूळ कशाने भरते?

मुळाच्या भागात यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावली असतात, वापरणाऱ्यांची यादी असते, यंत्राची दैनंदिन नोंदवही असते आणि तात्पुरत्या फाइलींची जागाही पुष्कळदा तिथेच असते. पहिल्या दोन गोष्टी फारशा वाढत नाहीत. शेवटच्या दोन वाढतच राहतात. मूळ भरले की यंत्राला छपाईसाठी तात्पुरती फाइल करता येत नाही, कोण आले कोण गेले याची नोंद करता येत नाही. म्हणून दुसऱ्या चकतीवर कितीही जागा असली, तरी सगळे ठप्प.

जाणत्यांनी यासाठी राखीव जागेची सोय केली. १९८०च्या दशकात बर्कलीच्या युनिक्समध्ये चकतीचा सुमारे दहावा भाग सामान्य वापरासाठी बंद ठेवला जाई. लिनक्सच्या रूढ रचनेत पाच टक्के जागा यंत्राच्या व्यवस्थापकासाठी राखून ठेवतात. सगळे अडले तरी त्याला आत येऊन झाडू मारता यावा, एवढ्यासाठी. धान्याच्या कणगीतले बियाणे शेतकरी वेगळे काढतो, त्यातलाच हा शहाणपणा.

आणखी एक गंमत. जागा शिल्लक असूनही फाइल ठेवता येत नाही, असे होऊ शकते. प्रत्येक फाइलीची एक नोंद लागते आणि युनिक्सच्या अनेक रचनांत या नोंदींची संख्या सुरुवातीलाच ठरलेली असते. बारीकसारीक लाखो फाइली झाल्या की नोंदवहीची पाने संपतात, वर्गात बाके रिकामी असली तरी हजेरीपटावर ओळ उरत नाही.

फाइली आकाराने लहान असल्या तरी त्यांच्या नुसत्या संख्येने काय होते, हे जानेवारी २००४ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी अनुभवले. मंगळावर उतरलेली 'स्पिरिट' ही गाडी थोड्याच दिवसांत मुकी झाली. तिच्या साठवणीत, प्रवासातल्या जुन्या फाइलींसह, हजारो फाइली साचल्या होत्या. यंत्र सुरू होताना त्या सगळ्यांची यादी कामाच्या स्मृतीत आणू पाही, स्मृती अपुरी पडे, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पुन्हा तेच. शेवटी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून, ती साठवण न वापरता यंत्र सुरू केले गेले, नको असलेल्या फाइली पुसल्या गेल्या आणि गाडी वाचली. पुढे ती काही वर्षे काम करत राहिली.

पेटीतले झाड

मेनफ्रेम आणि युनिक्स या दोन वाटा शेवटी एकत्र आल्या. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आयबीएमने आपल्या मेनफ्रेमवरच युनिक्सची सोय दिली. पण कशी? युनिक्सचे अख्खे झाड, मुळासकट, मेनफ्रेमच्या पद्धतीच्या एका फाइलीत बसवले! म्हणजे बाहेरून 'आधी मागा' या नियमाची पेटी आणि आत 'हवे तसे वाढा' या नियमाचे झाड. त्यामुळे मेनफ्रेमच्या व्यवस्थापकाला दोन हिशेब ठेवावे लागतात : झाडाला पेटीत किती जागा उरली, आणि पेटीला चकतीवर आणखी किती वाढता येईल.

तिथे रूढ झालेली रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुळाच्या पेटीत फक्त प्रणालीसोबत आलेल्या गोष्टी ठेवायच्या आणि ती शक्यतो केवळ वाचण्यापुरती उघडायची. नोंदी, तात्पुरत्या फाइली, वापरणाऱ्यांची घरे, यांतले जे जे वाढणारे, त्याला वेगळी पेटी द्यायची आणि तिचे मुळावर कलम करायचे. प्रणालीची नवी आवृत्ती आली की मुळाची पेटी बदलायची, घरे जागच्या जागी राहतात. वाढणारी वस्तू मुळाशी ठेवायची नाही, हे त्यामागचे सूत्र.

त्या दिवशी बोईसरला

आता कारखान्यातली गोष्ट पुरी करू. फाटकाजवळच्या खोलीतल्या टर्मिनलची तार पावसात भिजली होती. तारेतून येणाऱ्या खोट्या खुणांना यंत्र 'कोणीतरी आत येऊ पाहत आहे' असे समजे, मग काही नाही हे कळे आणि तक्रारीची एक ओळ नोंदवहीत लिही. जवळजवळ दर सेकंदाला एक ओळ. ओळ साठ अक्षरांची धरली तर दिवसाला ८६,४०० × ६० = ५१,८४,००० बाइट. मुळाच्या भागात मोकळी जागा होती सुमारे दीड कोटी बाइट. भागून पाहा : तीन दिवससुद्धा पुरत नाहीत. दोन सुट्ट्या आणि त्यांच्या आदली रात्र यांनी काम केले होते.

तिथल्या तरुण तंत्रज्ञाने ती नोंदवही शोधून पुसली. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. तरी जागा वाढेना! कारण फाइलीचे नाव यादीतून गेले होते, पण तिच्यात लिहिणारी आज्ञावली ती अजून हातात धरून होती. ग्रंथालयाच्या वहीतून पुस्तकाचे नाव खोडले, तरी वाचक ते घेऊन बसला असेल तर खुर्ची रिकामी होत नाही. ती आज्ञावली थांबवून पुन्हा सुरू केली, तेव्हा कोठे जागा मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत पगार झाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नोंदवहीला वेगळा भाग दिला आणि दर रात्री जुनी पाने काढून टाकण्याची व्यवस्था केली. भिजलेली तारही बदलली, हे सांगायला नकोच.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा विषय समजायला संगणक हवाच असे नाही. फळ्याचा उपयोग करा. फळ्याचे दोन भाग पाडा. एका भागात नियम असा : प्रत्येक गटाने किती ओळी लागतील ते आधी सांगायचे, तेवढ्या आखून घ्यायच्या, जास्त लिहायचे नाही. दुसऱ्या भागात नियम असा : ज्याला जेवढे हवे तेवढे, जिथे मोकळे दिसेल तिथे लिहायचे. दोन्हीकडे सारखेच काम द्या आणि वीस मिनिटांनी पाहा. पहिल्या भागात जागा रिकामी असूनही कोणाचे तरी काम अडलेले असेल. दुसऱ्या भागात जागा पूर्ण वापरली गेली असेल, पण एखाद्या गटाने बाकीच्यांना कोपऱ्यात ढकललेले असेल. मग मुलांना विचारा : फळ्यावर सूचना लिहायला शिक्षकांसाठी जागा कोणी ठेवली?

वरच्या वर्गांना तारापूरच्या २८४ जुडग्यांचे गणित द्या. तुकडे वीसऐवजी दहा केले तर काय वाचेल आणि काय हरवेल, यावर बोलू द्या. उत्तर एकच नाही, हे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.

टिफ्रॅकपासून आजपर्यंत संगणकातली जागा कोट्यवधी पटींनी वाढली. पण 'जागा शिल्लक नाही' ही ओळ काही गेली नाही. ती आपल्या मोबाइलवरही अधूनमधून उमटते. दर वेळी आपण मोठी चकती आणतो आणि थोडे दिवस निभावते. पण त्या पावसाळी दिवशी बोईसरच्या कारखान्यात कमतरता जागेची नव्हतीच. काय वाढते आहे, कोठे वाढते आहे आणि ते कोण आवरणार, हे कोणी ठरवले नव्हते, एवढेच.